हाताची घडी, तोंडावर बोट

जून आला की आपल्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन प्रकारची माणसं जागी होतात. एक म्हणतात, शिस्त बघायची तर मिशनच्या शाळेत जा, पहिलीची पोरंसुद्धा कशी चिडीचूप बसतात. दुसरे म्हणतात, ह्या मिशनऱ्यांनीच आपल्या लेकरांचा आवाज बंद केला, त्याआधी आपल्याकडे कसं मोकळं शिक्षण होतं. यंदा निमित्त झालं एका पंधरा-वीस सेकंदांच्या व्हिडिओचं. ख्रिस्ती संस्थेच्या एका प्राथमिक शाळेतला पहिलीचा वर्ग (गाव आणि शाळा मुद्दाम लिहीत नाही). शाळा सुरू होऊन आठवडा झालेला. पन्नासेक पोरं हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलेली, आणि दुसऱ्या रांगेतलं एक बारकं पोरगं हुंदके गिळत रडतंय. बस, एवढंच.

बातमी करावी असं त्यात काही नव्हतं. पण खालच्या कमेंटी वाचल्या आणि वाटलं, दोन्ही बाजूंना हा इतिहास माहीत नाही. तो आपल्याच जिल्ह्यातून, आपल्याच पायाखालून गेलाय. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा. (आणि हो, जुन्या काळाबद्दल सांगताना मी अहमदनगर असंच लिहिलंय, त्यावरून खाली भांडू नका.)

आधी 'मोकळं शिक्षण' बघू.

पेशवाई संपली त्या सुमारास मोठ्या गावात पंतोजीची शाळा असायची. देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत, नाहीतर पंतोजीच्या स्वतःच्या ओट्यावर. पहिलीचा वर्ग वगैरे प्रकार नव्हता, कारण वर्गच नव्हता. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की घरचे मुहूर्त बघून त्याला घालायचे. दसरा त्यासाठी लाडका. पाटीपूजन व्हायचं, पंतोजीला नारळ, शिधा मिळायचा. मुलाचं बोट धरून धुळाक्षरं गिरवायची, पाटीवर पसरलेल्या मातीत. 'ओनामासिधम' म्हणत सुरुवात. एक मुलगा आज आला, दुसरा चार महिन्यांनी आला, तिसरा पेरणी उरकल्यावर. प्रत्येकाचं आपापलं चालायचं. एक ग म भ न गिरवतोय, शेजारचा पावकी-निमकी घोकतोय, कोपऱ्यातला मोठा मोडीत चिठ्ठी लिहितोय. सगळे एकाच वेळी, मोठमोठ्याने. शाळा कुठे आहे हे गावात विचारावं लागत नसे, कानावर यायची. नव्या पोराला अक्षरं दाखवायचं काम बऱ्याचदा थोरल्या पोरांकडेच असे.

हे ऐकायला छान वाटतं ना? आता पुढचं. छडी होती, कान पिळणं होतं, अंगठे धरून उभं करणं होतं, खांबाला बांधणं होतं. शाळा चुकवणाऱ्याला आणायला चार दांडगी पोरं पाठवत आणि ती टांगाटोळी करून आणत. आणि मुख्य म्हणजे त्या ओवरीत मुली नव्हत्या. महार, मांग, चांभारांची मुलं नव्हती. कुणब्याचं पोर क्वचित. ज्यांना हिशेब आणि मोडी लागायची त्यांची मुलं होती. तेव्हा 'आपलं' शिक्षण म्हणताना त्यात 'आपण' किती होतो, हे ज्याने त्याने आपल्या पणजोबाला विचारावं.

आता जरा लांब, मद्रासला जाऊ. ही गोष्ट मला फार आवडते आणि आपल्याकडे ती कुणी सांगत नाही.

अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री. १७८९ मध्ये मद्रासजवळ एग्मोरला कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांसाठी जे आश्रमशाळेसारखं काम सुरू झालं, त्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. आया बहुतेक इथल्याच, बाप मेलेले किंवा निघून गेलेले. ख्रिस्ती प्राथमिक वर्गच म्हणा ना. मास्तर भाड्याचे, कंटाळलेले. मुलं अक्षरओळखीत अडकून बसलेली. एके दिवशी बेलला वाटेत एक तमिळ शाळा दिसली. तिथली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढत होती. त्याने आपल्या मास्तरांना सांगितलं, असं करून बघा. मास्तरांनी दाद दिली नाही. मग त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठेक वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गावर बसवलं, तू शिकव म्हणून. एका साध्या शिपायाचं पोरगं. आणि जे मास्तरांना जमत नव्हतं ते त्या पोराला जमलं. मग बेलने पुढचे वर्गही असेच मुलांच्या हाती दिले.

१७९७ मध्ये त्याने लंडनला ह्याचा अहवाल छापला. त्याच सुमारास तिकडे जोसेफ लँकेस्टर नावाचा क्वेकर पंथाचा तरुण लंडनच्या गरीब वस्तीत शाळा चालवत होता. त्याने ही युक्ती घेतली आणि तिचा कारखाना केला. एक मास्तर, त्याच्या हाताखाली मॉनिटर मुलं, आणि एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो विद्यार्थी. लांब बाकांच्या रांगा. सगळ्यात लहान मुलं पुढे, वाळूच्या टेबलाशी. हुकूम झाला की सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या, हुकूम झाला की खाली. बसायचं, उठायचं, वळायचं, सगळं हुकुमावर. नव्या मुलाचे सुरुवातीचे दिवस अक्षरांपेक्षा ह्या कवायतीतच जायचे, कारण एकाने गडबड केली तर पूर्ण यंत्र थांबायचं. लँकेस्टर छडीच्या विरोधात होता म्हणून त्याचं कौतुक होतं. पण त्याच्या शिक्षा वाचल्या की छडी परवडली असं वाटतं. गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणं, टोपलीत घालून छताला टांगणं, सगळ्यांनी बघून हसावं म्हणून. पुढे इंग्लंडातला अधिकृत चर्चवाला गट बेलच्या बाजूने आणि इतर ख्रिस्ती पंथ लँकेस्टरच्या बाजूने, असं हे भांडण बरीच वर्षं चाललं. पद्धत दोघांची जवळपास एकच.

मला ह्यात गंमत अशी वाटते की मूळ कल्पना आपल्याच ओवरीतली. धूळपाटी आपली. मोठ्याने धाकट्याला शिकवणं आपलं. फक्त जाताना ती दहा-वीस मुलांची होती आणि परत आली तेव्हा शंभराच्या हिशेबाची झाली होती. शंभर मुलांमागे एक मास्तर असेल तर गप्प बसणं हाच पहिला धडा होतो. त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

परत आली ती मुंबईत. १८१५ मध्ये आर्चडीकन बार्न्स ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत गरीब युरोपियन मुलांच्या शिक्षणासाठी सोसायटी निघाली आणि तिच्या शाळेत बेलची 'मद्रास पद्धत' आली. एल्फिन्स्टनच्या काळात सरकारी मदतीवरच्या मराठी शाळांतही लँकेस्टरचा प्रकार आणायची धडपड झाली. म्हणजे रांग, मॉनिटर आणि हुकूम हे मिशन आणि सरकार ह्या दोन्ही दारांनी महाराष्ट्रात आले. 'हे मिशनऱ्यांचं' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मराठी मुलांसाठी मिशनचे वर्ग मात्र वेगळे होते. अमेरिकन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि त्याचे सोबती, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते, परत पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या. तगले. मग शाळा काढल्या. पण शिकवणार कोण? ख्रिस्ती मराठी शिक्षक तर अस्तित्वातच नव्हते. म्हणून पगार मिशनचा आणि शिकवणारा तोच आपला पंतोजी, बहुतेक वेळा ब्राह्मण. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तकं निघायला लागली. मुलं वाचायची ती शुभवर्तमान आणि दहा आज्ञा, आणि शिकवायचा तो गंध लावलेला पंतोजी. अधूनमधून साहेब येऊन परीक्षा घ्यायचा. मुलांच्या आईबापांना लिहिणं, वाचणं आणि अंक पाहिजे होते, साहेबाला येशू पोचवायचा होता, पंतोजीला पगार. तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. ह्या वर्गांत शांतता कितपत असेल ह्याची कल्पना तुम्ही करू शकता. पंतोजी तोच, घोकंपट्टी तीच.

आईबापांची भीती मात्र खरी होती, तिला हसू नये. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सनच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाजाने आपली मुलं काढून घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान मुलगा होता, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप कोर्टात गेला, कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही ह्यावर वादळ उठलं, आणि घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही त्याचा ताप झाला. अशा बातमीनंतर कुठली आई आपल्या सहा वर्षांच्या पोराला सकाळी उठवून त्या शाळेत पाठवेल? पाठवणाऱ्यांनी पाठवलं, कारण दुसरी शाळा त्यांना घेत नव्हती.

इथे आपल्या नगरचा भाग येतो.

अमेरिकन मिशन अहमदनगरला आलं १८३१ च्या अखेरीला. सिंथिया फरार ही बाई १८२७ च्या शेवटी मुंबईला आली आणि १८३९ पासून नगरला. लग्न न झालेली, एकटी, न्यू हॅम्पशायरसारख्या थंड मुलखातून आलेली. त्या अमेरिकन मिशनने परदेशी पाठवलेली ती पहिलीच अविवाहित स्त्री मानली जाते. नगरलाच १८६२ मध्ये वारली. बाईंनी जन्मभर एकच काम केलं, मुलींच्या शाळा. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी दिली तर नवरा मरतो असं लोक शपथेवर सांगायचे, त्या काळात.

जोतीराव फुले स्वतः मिशनच्या शाळेतले. मराठी शाळेतून बापाने काढून घेतलं होतं. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब ह्या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे मित्र त्याच दिवसांतले. माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणाचे मुलगे एका वर्गात. मग गोवंड्यांबरोबर ते नगरला आले आणि फरारबाईंच्या मुलींच्या शाळा बघितल्या. त्या बघूनच आपल्याला मुलींची शाळा काढावीशी वाटली, हे १८५३ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये आलेल्या निवेदनात त्यांनी स्वतः नमूद केलंय. १८४८ मध्ये भिडेवाडा. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले असं त्यांची चरित्रं सांगतात. 'ज्ञानोदय'ही आपल्या नगरचंच, १८४२ मध्ये इथे सुरू झालेलं मिशनचं पत्र. त्याच पत्रात १८५५ मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. चौदा वर्षांची मांगाची मुलगी, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. तीन वर्षांपूर्वी जिला अक्षर माहीत नव्हतं ती आपल्या जातीचं दुःख लिहून धर्म म्हणवणाऱ्यांना जाब विचारते.

म्हणून मला वाटतं, ह्या वर्गांतली खरी नवी गोष्ट आवाज किंवा शांतता ही नव्हतीच. नवी गोष्ट होती बसायची जागा.

रांग म्हटलं की आपल्याला कवायत आठवते. पण रांगेत बसायचं म्हणजे शेजारी कोण आहे ते निवडता येत नाही. ह्यावरून केवढं रामायण झालंय बघा. १८५६ च्या जूनमध्ये (हो, जूनमध्येच) धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारने सांगितलं, न्याय तुझ्या बाजूने आहे पण एकासाठी बाकीच्यांची शाळा मोडेल. वर्षं गेली, कायदे झाले, सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या असल्याचं जाहीर झालं, आणि तरी साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागलं. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला शिवायचा नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. ७ नोव्हेंबर १९०० ही साताऱ्यातल्या त्यांच्या शाळाप्रवेशाची तारीख आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. हार घालतो, सेल्फी काढतो. गोणपाटाचं कोण बोलतो?

मिशनच्या शाळा ह्यात धुतल्या तांदळासारख्या होत्या असं नाही. दलित मुलगा घेतला की वरच्या जातीची मुलं उठून जायची आणि मग मिशनरीही पेचात पडायचे. पण नगर जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत महारवाड्याला आणि मांगवाड्याला पहिली पाटी मिशनच्या मास्तराने दिली, हे नाकारता येत नाही. माझ्या ओळखीच्या दोन-तीन आंबेडकरी घरांत आणि ख्रिस्ती घरांत हे आजही सांगतात. धर्म बदलला असो नसो, पाटी आली.

मग शांतता आली कशी? म्हणजे इतकी कडक, की सहा वर्षांच्या पोराने रडायचंही नाही?

माझं मत स्पष्ट आहे: ती पैशांबरोबर आली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारने खासगी शाळांना अनुदान द्यायला सुरुवात केली, त्यात मिशनच्या शाळाही आल्या. शिक्षणखातं झालं, इयत्ता ठरल्या, तपासनीस आले. आणि १८६० च्या दशकात इंग्लंडात निघालेली 'निकालावर पैसे' ही पद्धत मुंबई इलाख्यातही लागू झाली. इन्स्पेक्टर येणार, मुलांना उभं करणार, वाचन, लेखन, गणित तपासणार, आणि पास झालेल्या मुलांच्या संख्येवर शाळेचं अनुदान ठरणार. आता विचार करा. वर्षभराची भाकरी एका दिवसावर. मास्तर काय करेल? पहिल्या आठवड्यापासून त्या दिवसाचीच तयारी. धडा पाठ करून घ्या, पुस्तक उलटं धरलं तरी म्हणता आलं पाहिजे. साहेब येईल तेव्हा एक पोर हलता कामा नये. 'डिप्टीसाहेब येणार' ह्या दोन शब्दांनी मराठी शाळेत जी धडकी भरायची तिच्या आठवणी आपल्या आजोबांपर्यंत पोचल्यात. मिशनची शाळा असो की लोकलबोर्डाची, डिप्टी एकच.

ह्याच काळात, १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना पाठ असते. त्यांनी शिक्षकाबद्दल काय म्हटलं ते कमी जण वाचतात. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज न वाटणारा आणि खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळणारा हवा, अशी त्यांची अपेक्षा होती. पगारही त्यांनी मागितला, महिना बारा रुपयांहून कमी नको. पहिलीच्या वर्गाला कसा माणूस लागतो हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही. घरून पहिल्यांदा बाहेर पडलेलं पोर ज्या माणसाला बघून घाबरत नाही, तो शिक्षक.

आणि जे लोक म्हणतात की ख्रिस्ती शिक्षण म्हणजेच तोंडावर बोट, त्यांना पंडिता रमाबाईंकडे पाठवतो. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथे फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालवाडीचा, किंडरगार्टनचा, रीतसर अभ्यास केला. फ्रोबेल हा जर्मन पाद्र्याचा मुलगा. त्याचं सगळं म्हणणं खेळ, गाणी, लाकडी ठोकळे, मातीकाम आणि बागेभोवती फिरणारं. मुलाच्या हाताला काम द्या, डोकं आपोआप चालेल. रमाबाईंना ते इतकं पटलं की मराठी मुलांसाठी त्या धर्तीची वाचनपुस्तकं करायचा घाट त्यांनी अमेरिकेत असतानाच घातला. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, मग केडगावचं मुक्ती सदन. ह्या सगळ्या कामात बालवाडीच्या शिक्षणाला त्यांनी जागा दिली. त्या मुली बाईपणाच्या आणि वैधव्याच्या सगळ्या शिक्षा भोगून आलेल्या. त्यांना पुढे लहान मुलांत बसून गाणी म्हणायला शिकवायचं, ह्यात केवढं काय आहे! शारदासदनावर धर्मांतराचे आरोप झाले, टिळकांच्या 'केसरी'ने झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद खरा आणि त्यात दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे. पण ठोकळे आणि गाणीही तिथूनच आली, हेही खरं.

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्या मिशनच्या नव्हेत, त्यांचा मार्ग माँटेसरी आणि गिजुभाईंकडून आलेला, म्हणून इथे फार लिहीत नाही. पण १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या घराच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द तिथून देशभर गेला. पोर शाळेत येत नाही तर शाळा पोराकडे.

आता आपल्या तालुक्यात येऊ.

मिशनच्या एका प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं पहिली शिकवलेल्या निवृत्त बाई आहेत. त्यांच्याशी ह्या निमित्ताने तासभर बोललो. त्या म्हणाल्या, पहिले तीन आठवडे मी पुस्तक काढायचेच नाही. चपला कुठे ठेवायच्या, डबा कधी उघडायचा, शू लागली तर कसं सांगायचं, शेजाऱ्याची पेन्सिल घेतली तर काय म्हणायचं. सकाळी प्रार्थना आणि दोन गाणी. रडणाऱ्याला मांडीवर नाहीतर खुर्चीशेजारी. प्रार्थनेला निम्म्याहून जास्त मुलं हिंदू-मुसलमानांची असायची, पालकांपैकी कुणी नको म्हटलं तर ते मूल तेवढा वेळ व्हरांड्यात फुलझाडांना पाणी घालायचं. (आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये हेच आहे बरं का. सरकारी मदत घेणाऱ्या किंवा सरकारमान्य शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलावर धर्मोपदेशाची सक्ती करता येत नाही. बाईंनी कलम वाचलेलं नव्हतं.) मी विचारलं, हाताची घडी, तोंडावर बोट? त्या हसल्या. म्हणाल्या, करायचो की. पट तिशीत होता तेव्हा दिवसातून एकदा, साठीवर गेला तेव्हा दिवसभर.

हेच लँकेस्टरच्या हॉलमध्ये झालं होतं, डिप्टीच्या काळात झालं होतं.

तेव्हा व्हिडिओवरून भांडायचं तर ह्या आकड्यावरून भांडू. शिक्षण हक्क कायदा, २००९. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी. पण २०१४ मध्ये प्रमती निकालात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा ह्या कायद्याच्या बाहेर ठेवल्या. त्यामुळे तीसची अट तिथे ह्या कायद्याने लावता येत नाही. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ह्या निकालावर शंका घेतली आणि फेरविचाराची गरज बोलून दाखवली. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर संस्थेला पट वाढवायचा मोह आहे, कारण फी आहे, आणि आपल्याला तिथेच घालायचा मोह आहे, कारण इंग्रजी आहे. पन्नास पोरं एका खोलीत आपणच कोंबतो. वरून बाईंना सांगतो, मारा पण शिकवा.

झेडपीच्या शाळेत उलट. तिथे वीस पोरं आहेत, पण चार इयत्तांना मिळून दोन शिक्षक, आणि त्यातला एक ऑनलाइन माहिती भरतोय. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पहिलीच्या मुलांसाठी तीन महिन्यांचा खेळातून तयारीचा 'विद्याप्रवेश' कार्यक्रम आला. कागदावर उत्तम आहे, फ्रोबेल आणि ताराबाई दोघे खूश होतील असा. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत तो खरोखर तीन महिने चालतो, ह्याची माहिती मी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी मागितली आहे. मिळाली की इथेच टाकतो.

जुलैत पालकसभा असतील. मिशनची शाळा असो, संस्थेची असो की झेडपीची, जाणार असाल तर फी आणि युनिफॉर्मच्या आधी एक प्रश्न विचारा: पहिलीच्या वर्गात मुलं किती आणि त्या खोलीत बाई किती? उत्तर मला मेसेज करा, शाळेचं नाव न छापता तक्ता करतो.

आणखी एक काम. तुमच्या घरी, चर्चमध्ये, जुन्या पेटीत मिशनच्या शाळांचे हजेरीपट, दाखले, वर्गाचे ग्रुप फोटो असतील तर फेकू नका. वाळवी लागलेली असली तरी चालतील. मी स्वतः येऊन मोबाईलवर फोटो काढून जागेवर परत देईन. विशेषतः खेड्यांतल्या शाळांचे, ज्यांची इमारत आता उभी नाही.